हुंकार

पत्र्याच्या शेडमध्ये पंखा एकच, तोही वकिलाच्या बाजूला.
भिंतीवर चादर, चादरीवर नकाशा,
नकाशावर आमची जमीन वड्यांसारखी कापलेली,
प्रत्येक वडीला नंबर.
डलसी मावशी विचारते, सात मैलांचं पाणी यातल्या कुठल्या वडीत?
डार्विनहून सकाळच्या विमानानं आलेले हॅलोरनसाहेब
लाल ठिपका फिरवत राहतात.
ठिपका माशीसारखा, कुठेच बसत नाही.

मी दुभाषी. तासाला पासष्ट डॉलर, चहा-सँडविच वेगळं.
या कानातून घ्यायचं, त्या कानात घालायचं,
मध्ये आपलं काही सांडू द्यायचं नाही.

पहिल्याच शब्दाला अडते.
ते म्हणतात, उत्खनन नाही हो, हा नुसता शोध.
आमच्यात शोधतात ते हरवलेलं :
चुकलेलं पोर, दोर तोडून गेलेला घोडा.
जे हरवलंच नाही
ते शोधायला कोण कशाला ट्रक घेऊन येईल?
नोएलीन म्हणते, विचार ना, त्यांचं काय हरवलंय इथे?
बाया हसतात. साहेबही हसतात, न कळून.
एवढं मी माझ्याजवळच ठेवते.

मग जुना करार निघतो, नऊ वर्षांपूर्वीचा.
हॅलोरन चष्मा लावतात
आणि मामाचं नाव वाचतात.

मोठ्यानं.

मार्चमध्ये मामा गेला. तेव्हापासून ते नाव
कुणाच्या जिभेवर नाही.
तेच नाव असलेल्या दुकानातल्या पोरालाही आम्ही
कुमन्जाय म्हणतो, नाव मिटलेला.
डलसी मावशीनं खुर्ची उचलून फिरवली,
कागदाकडे पाठ केली.
साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल.
पुन्हा वाचलं, अजून मोठ्यानं.

टेस, आमच्या बाजूची वकील, पोरगीच,
पर्समधून पांढरी चिकटपट्टी काढते,
नाव दिसेल तिथे लावत जाते.
एकेचाळीस ठिकाणी होतं.
बाराव्या कलमात पट्टी संपली.

जर्विस उठतो. यातून डायलिसिसची गाडी येणार होती ना?
कुमन्जाय साडेचारशे किलोमीटर लांब मेला,
यंत्राला बांधलेला,
खिडकीतून फक्त गाड्यांचा तळ दिसायचा.
मला पैसे हवेत. लाज नाही वाटत मला.
त्याला कुणी गप्प करत नाही.

आता माझं सांगते.
त्या दिवशीही दुभाषी मीच होते. एकोणीस वर्षांची, नवे बूट.
मामाची जमीन तर भाची राखणदार, आमच्यात असं असतं.
मामा झाडाखाली बसलेला.
कंपनीचा माणूस सांगत होता :
जमीन थरथरवून तिला ऐकणारे ट्रक,
दोन मैल खाली दगडात कोंडलेला वायू.
मामा दर वाक्याला हं म्हणत होता,
गोष्टीला हुंकार द्यावा तसा.
हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो, एवढीच रीत.
काय म्हणाले ते, मला विचारलं.
हो म्हणाले, मी सांगितलं.

हुंकाराचा होकार झाला माझ्या तोंडात
आणि तेवढ्या फटीतून ट्रक गेले.
झाडीतून सरळ रेघ, क्षितिजापर्यंत,
तिथे अजून गवतही उगवत नाही.

मामा कधी बोलला नाही.
गाडी त्या रेघेवरून जाताना
तो उजवीकडे बघायचा. उजवीकडे काहीच नव्हतं.
कदाचित खरंच हो असेल.
आता विचारायचं तर हाक
कुठल्या नावानं मारू?

साहेब घड्याळ बघतात. पाच वर्षांची मुदतवाढ,
अटी त्याच. मी मावशीच्या पाठीला सगळं सांगते,
कलमामागून कलम.
पाठ म्हणते, हं.

सगळे माझ्याकडे वळतात.
हॅलोरनच्या पेनाचं टोपण निघालेलं.
पंखा फिरतो, कागदाचा कोपरा उचलतो, सोडतो.

ऐकतायत त्या, मी म्हणते.
सांगा पुढे.